सगळे रॉड एकाच दिशेला

अपूर्वा शिगवण दहिसरला राहायची आणि कांदिवलीच्या चारकोपातल्या एका कॉलेजात पीएचडी करायची. पाचवं वर्ष चालू होतं. नातेवाईकांनी विचारणं सोडलं होतं.

तिचं काम अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरचं होतं. झिंक ऑक्साइडचे इतके बारीक कण करायचे, की केसाच्या जाडीत दोन हजार मावतील. त्यांचा थर काचेच्या पट्टीवर द्यायचा. हवेत अमोनिया आला की त्या थरातून वीज कमी-जास्त वाहते, ते मोजायचं. बर्फाच्या कारखान्यात आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया वापरतात, आणि गळती झाली तर माणसाच्या नाकाला कळेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. अपूर्वाची पट्टी नाकाच्या आधी सांगायची. सेन्सर चांगला चालत होता. तो का चालतो, हे मात्र टिपणीस सरांनी ठरवलं होतं.

डॉ. चंद्रप्रकाश टिपणीस तिचे गाइड. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं शिकवून झाली होती, दोन वर्षांत रिटायर होणार होते, आणि आपल्या नावावर एकतरी गोष्ट अशी असावी की जी आधी कुणी पाहिलेली नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. गेल्या एप्रिलमध्ये कॉलेजनं एक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घेतला. टेबलावर मावणारा, सेकंडहँड. तो तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत बसवला आणि पहिल्याच आठवड्यात अपूर्वानं आपल्या कणांचा फोटो काढला. कण गोल निघतील असं तिला वाटलं होतं. स्क्रीनवर दिसले ते लांबट, तांदळाच्या दाण्यांसारखे, आणि झाडून सगळे एका बाजूला कललेले.

सर खुर्चीतून उठले होते. "अपूर्वा, हे रॉड आहेत. नॅनोरॉड. आणि बघ, आपले आपण रांगेत लागलेत."

"आपण रॉड करायला घेतले नव्हते, सर."

"म्हणून तर."

त्यानंतर वर्षभर सरांनी रॉडचा संसार मांडला. रॉडमुळे पृष्ठभाग वाढतो, म्हणून सेन्सर चांगला चालतो, असं त्यांनी तीन परिसंवादांत सांगितलं. डिपार्टमेंटच्या दाराशी सहा फुटी फ्लेक्स लागला. त्यावर त्या फोटोच्या शेजारी सरांचा फोटो होता आणि दोघेही एकाच बाजूला कललेले होते. अपूर्वाच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, सेहेचाळीस पानं, रॉडवर होतं. जूनमध्ये मागच्या खोलीला ओल आली म्हणून मायक्रोस्कोप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. मग त्याची फिलामेंट गेली, आणि नवी यायला फेब्रुवारी उजाडला. तोवर त्याच जुन्या फोटोंवर पेपर लिहून झाला होता आणि एका परदेशी जर्नलला गेला होता.

मार्चच्या शेवटी जर्नलचं उत्तर आलं. पहिल्या परीक्षकानं दोन स्पेलिंग दुरुस्त केली होती. दुसऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता. सगळे रॉड एकाच दिशेला का? नमुना नव्वद अंशांत फिरवून, आणखी मोठं करून नवे फोटो पाठवावेत. मुदत एकवीस दिवस.

"काढून टाक," सर म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

अपूर्वानं नमुना फिरवून मायक्रोस्कोपात ठेवला. चित्र आलं, पण ते थरथरत होतं. आणखी मोठं केलं तर अंगात आल्यासारखं हलायला लागलं. तिनं टेबलाच्या पायांखाली रबर घातलं, मग दुमडलेली वर्तमानपत्रं, मग सरांच्या केबिनमधली योगा मॅट. चित्र हलतच राहिलं. सर म्हणाले मेट्रोमुळे असेल. मेट्रो तिथून बरीच लांब होती. मग म्हणाले व्होल्टेज. मग म्हणाले तू श्वास जोरात घेतेस. पवईच्या मोठ्या संस्थेतला मायक्रोस्कोप मिळतो का पाहिलं, तर जूनच्या मध्यापर्यंत नंबर नव्हता. सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळनंतर काम करायचं तर ट्रस्टची परवानगी लागायची, आणि परवानगीचा अर्ज ज्या मीटिंगमध्ये ठेवायचा ती मीटिंग मे महिन्यात होती.

चौथ्या दिवशी तिनं स्टीलचा एक पेला घेतला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि मायक्रोस्कोपशेजारी ठेवला. पाण्यावर बारीक वलयं उठत होती. तिनं पेला उचलून कॉरिडॉरमध्ये ठेवला, तिथे वलयं कमी. जिन्याजवळ ठेवला, तिथे जवळपास नाहीत. मागच्या दाराच्या पायरीवर ठेवला, तर पाणी काठावरून सांडलं. ती पेल्याशेजारी पालथी पडून बघत होती तेव्हा वॉचमन खंडू येऊन उभा राहिला.

"मॅडम, काय हरवलं का?"

"खंडूदादा, इथे जमीन हलते."

"हां. डंख चालू झाला की हलते. माझी खुर्ची दुपारपर्यंत गेटपर्यंत जाते."

"कुठला डंख?"

खंडूनं कंपाउंडच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडून धप्-धप् असा आवाज येत होता. तो इतका सतत येत होता की पाच वर्षांत तिनं तो कधी ऐकलाच नव्हता.

"तू सांगितलं नाहीस कधी?"

"कोणी विचारलं नाय ना, मॅडम."

भिंतीला वळसा घालून ती पलीकडे गेली. पत्र्याचा एक लांबट गाळा होता. दारावर 'श्री रवळनाथ मसाला कांडप' अशी पाटी. आत लोखंडी उखळांच्या दोन रांगा आणि त्यांत आळीपाळीनं वरखाली होणारी लोखंडी मुसळं. हाच तो डंख. एप्रिल तोंडावर आलेला, म्हणजे वर्षाचा मसाला करून ठेवायचे दिवस. पंचवीस-तीस बायका नाकातोंडाला पदर आणि ओढण्या बांधून गोणपाटांवर बसलेल्या. प्रत्येकीची नजर आपापल्या उखळावर. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाऊ नये म्हणून जेवायलासुद्धा कुणी उठत नव्हतं. अपूर्वा आत गेली आणि सलग नऊ वेळा शिंकली. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मालक धाकू राऊळ सत्तरीकडे झुकलेले, भुवयांपर्यंत लाल झालेले. मूळचे कुडाळचे. चाळीस वर्षं कांदिवलीत काढूनही बोली तशीच होती.

"काय गे बाय, मसालो कुटूचो हा? नंबर लाव. उद्या सकाळी येतलो."

"नाही काका. मी पलीकडच्या कॉलेजातून आले. मला अर्धा तास डंख बंद हवाय."

धाकूंनी तिला भिंतीला टेकलेलं एक स्टूल दिलं. चक्कर आलेल्या माणसाला देतात तसं.

अपूर्वानं सगळं सांगितलं. मायक्रोस्कोप म्हणजे काय, त्यात किती बारीक दिसतं, भिंतीपलीकडे साधं दार आपटलं तरी चित्र कसं हलतं. धाकूंना एकाच गोष्टीत रस वाटला.

"किती बारीक म्हणतंस?"

"केसाच्या जाडीत दोन हजार दाणे बसतील."

"चाळण कितीची लावतंस?"

"चाळण नाही लावत काका. पावडर कुटून नाही करत, द्रावणातून करतो."

"कुटल्याशिवाय बारीक," धाकू स्वतःशीच म्हणाले. ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. "माझो काय प्रॉब्लेम नाय. मी आता बंद करतंय. पण हेंका तू सांग."

हेंका म्हणजे त्या बायका. पहिल्या उखळाशी अंजनाबाई बसल्या होत्या. मढच्या कोळीण. मासळीचा धंदा, साठीच्या पुढचं वय, हातात सोन्याच्या पाटल्या. धाकूसारखं कुटणारा मालाड-मढमध्ये कुणी नाही असं त्यांचं मत असल्यामुळे दर वर्षी दहा किलो मिरची घेऊन त्या चारकोपला यायच्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"काय गो पोरी, माजी मिरची भाजून उखलात परली हाय. मधीच थांबवलंस त रंग उतरंल. वरीसभर काय पांढरा कालवण खाऊ?"

"तुमचं झाल्यावर थांबवू, मावशी."

"माज्यानंतर ही हाय. हिच्यानंतर ती हाय."

ती आणि ही दोघींनी माना डोलावल्या.

"आणि बघतेस काय एवरा, फोटो काढून?"

"अमोनियाचा सेन्सर आहे. बर्फाच्या कारखान्यात गॅस सुटला तर आधी कळावं म्हणून."

अंजनाबाईंनी पहिल्यांदा उखळावरची नजर काढली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कोळीवाड्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गॅस सुटला होता. त्यांचा मुलगा कृणाल तिथेच कामाला होता. ओला टॉवेल तोंडाला बांधून तो बाहेर आला, पण आठवडाभर त्याचे डोळे उघडत नव्हते. हे सगळं त्यांनी धाकूंना सांगितलं, कारण अपूर्वाला सांगायचं तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. मग त्या म्हणाल्या, "माजा घाणा उतरला का अर्धा तास बंद ठेव, धाकू. पन मी हिच्यासंगती जातंय. काय काढते तो मना बघायचाय."

बाकीच्या बायकांमध्ये कुरकुर झाली. अंजनाबाईंनी मागे वळून एकदाच पाहिलं आणि कुरकुर थांबली.

पाऊण तासानं त्या मायक्रोस्कोपच्या खोलीत स्टुलावर बसल्या. ताज्या मसाल्याचा डबा मांडीवर. तो डंखावर ठेवून यायला त्या तयार नव्हत्या. झाकण घट्ट आहे ना, हे अपूर्वानं तीनदा पाहिलं. मायक्रोस्कोपच्या पोटात मिरची गेली असती तर पीएचडी सातव्या वर्षात गेली असती. स्क्रीनवर लांबट दाणे थरथरत होते. नमुना नव्वद अंशांत फिरवलेला होता, म्हणजे रॉड आता दुसऱ्या बाजूला कललेले दिसायला हवे होते. ते पूर्वीसारखेच कललेले होते. अपूर्वाला वाटलं आपण नमुना फिरवायला विसरलो.

तिनं फोन लावला. "काका, बंद करा."

भिंतीपलीकडचं धप्-धप् थांबलं. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. स्क्रीनवरचं चित्र हळूहळू शांत झालं, आणि शांत होता होता दाणे आखडत गेले. मिनिटाभरात स्क्रीनभर गोल गोल कण होते. साबुदाण्यासारखे. एकही लांब नाही.

अपूर्वा बघत राहिली. चुकीचा नमुना ठेवला असेल म्हणून तिनं नंबर पाहिला. नंबर बरोबर होता.

"काका, चालू करा जरा."

"झाला तुझा?" धाकूंचा आवाज फोनमधून आणि भिंतीवरून असा दोन्हीकडून आला.

"नाही. चालू करा फक्त."

धप्-धप् सुरू झालं. कण ताणले गेले, लांब झाले, कलले.

"बंद करा."

कण गोल झाले.

"चालू करा."

"गे बाय, ही काय घरची बत्ती नाय, मोटर जळतली."

"एकदाच काका, प्लीज."

कण पुन्हा लांब. कुठल्या बाजूला कलतात ते अपूर्वानं आता नीट पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंत, भिंतीपलीकडे पत्रा. रॉड तिकडेच कलले होते.

अंजनाबाई डबा मांडीवर धरून हे सगळं पाहत होत्या. "धाकू कुटतो तवा लांब होतान," त्या म्हणाल्या. "थांबला का गोल."

"हो."

"मंग मूळचे कसे हायत?"

"गोल."

ती येऊन मागच्या पायरीवर बसली. सेहेचाळीस पानं. तीन परिसंवाद. सहा फूट फ्लेक्स. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं की कशाचं हे तिला तपासायचं नव्हतं. अंजनाबाई शेजारी येऊन बसल्या. पायरी अरुंद होती, म्हणून डबा अपूर्वाच्या मांडीवर आला.

"तुजा यंत्र वास घेतो का नाय?"

"घेतो."

"गोल असून घेतो?"

"पहिल्यापासून गोलच होते, मावशी. तसेच घेत होते."

"मंग लांब काय नि गोल काय. पापलेट पन गोलच असतो."

अपूर्वाचं रडणं थांबलं.

एवढ्यात टिपणीस सर आले. सबंध कॉरिडॉरभर त्यांच्या शिंका त्यांच्या पुढे चालत आल्या. "इथे कुणी फोडणी दिली का? आणि ह्या कोण?"

"ह्या अंजनाबाई, सर. मढहून आल्यात."

"कशासाठी?"

"मसाल्यासाठी."

सरांनी पुढे विचारलं नाही. फोटो निघाले का, एवढंच विचारलं. अपूर्वानं त्यांना खोलीत नेलं आणि दाखवलं. सर म्हणाले नमुना बदलला असेल. तिनं नंबर दाखवला. सर म्हणाले फोकस गेला असेल. तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

कांदिवलीतल्या त्या कॉलेजात डॉ. चंद्रप्रकाश टिपणीस यांनी स्वतः फोनवर सांगितलं, "चालू करा," आणि मग "बंद करा," आणि मग पुन्हा "चालू करा." तिसऱ्या वेळी धाकूंनी विचारलं की आता हो मेलो कोण, आणि फोन ठेवून दिला. डंख मात्र चालू राहिला, कारण बायकांनी त्यांना पुढे थांबू दिलं नाही.

सर स्क्रीनसमोर बसून राहिले. लांबट दाणे थरथरत होते, फ्लेक्सवर होते तसेच कललेले.

"अपूर्वा," ते म्हणाले, "आपण काढलेले फोटो खोटे नाहीत. काहीही बदललेलं नाही आपण त्यांत."

"फोटो खरे आहेत, सर. फक्त ते डंखाचे आहेत."

"परीक्षक तिकडे परदेशात बसलाय. त्याला डंख काय माहीत? तो नव्वद अंशांतला फोटो मागतोय. डंख चालू असताना काढू. नमुना न फिरवता काढू, आणि मग चित्रच—" इथे ते थांबले. वाक्य पुढे कुठे जातंय ते त्यांना स्वतःलाच दिसलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. अपूर्वाच्या फोनवरची मिरची हातांना लागली होती, त्याच हातांनी पुसला, आणि मग दहा मिनिटं बेसिनपाशी गेली.

"मी गोलच पाठवणार, सर," बेसिनशेजारी टॉवेल धरून उभी असलेली अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला तितका ठाम निघाला नाही. "माझ्या नावानं जाणार आहे तो पेपर. तुमच्याही जाणार आहे."

सरांनी टॉवेल घेतला. "उद्या बोलू," म्हणाले, आणि दोन दिवस रजेवर गेले.

त्या दोन दिवसांत अपूर्वा मढला गेली. अंजनाबाईंनीच बोलावलं होतं. नुसतं लिहून काय होतं, बर्फाच्या कारखान्यात लावून बघ, मालकाशी मी बोलते, असं त्यांनी सांगितलं, आणि मालकाशी त्या कशा बोलल्या कोण जाणे, पण त्यानं हो म्हटलं. अपूर्वा सेन्सरची पेटी मांडीवर धरून मालाडहून बसनं गेली. कृणालनं पेटी पाइपांच्या जोडाजवळ तारेनं बांधली. पेटी बांधून होते न होते तोच आकडा चढायला लागला. कृणाल म्हणाला वास तर काहीच येत नाही. मग त्यानं एकेक जोड तपासला, तर एका जुन्या व्हॉल्व्हची पॅकिंग झिजलेली निघाली. गळती इतकी थोडी होती की नाकाला कळायला अजून आठवडा लागला असता. त्यानं व्हॉल्व्ह बदलला, आकडा खाली आला. आकडे अपूर्वानं तीनदा लिहून घेतले. अंजनाबाईंना हे सगळं अपेक्षितच होतं. त्यांनी तिला जेवायला बसवलं, आणि नव्या मसाल्यातलं हलवा माशाचं कालवण इतकं तिखट होतं की अपूर्वा पुन्हा रडली.

सर रजेवरून आले तेव्हा डिपार्टमेंटच्या दाराशी उभं राहून बराच वेळ फ्लेक्स बघत होते. मग त्यांनी 'रॉड' या शब्दावर स्वतःच्या हातानं पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर मार्करनं 'गोल कण' लिहिलं. फोटो बदलायला नवा फ्लेक्स लागला असता, म्हणून तो तसाच राहिला. तेवढ्यापुरतं डिपार्टमेंट जगातलं एकमेव असं ठिकाण झालं जिथे लांबट कणांना गोल म्हणत होते.

"दाखव ते मढचे आकडे," ते अपूर्वाला म्हणाले. आकडे पाहून त्यांनी दोनदा 'हं' केलं. "हे रॉडपेक्षा बरं आहे," असं ते एकदाच म्हणाले, आणि तेही कागदाकडे बघून.

पेपर पुन्हा लिहायला दहा दिवस लागले. त्यात रॉड नव्हते. गोल कण होते, बर्फाचा कारखाना होता, आणि परीक्षकाच्या प्रश्नाला सरळ उत्तर होतं की रॉड एकाच दिशेला होते कारण ते रॉड नव्हते, शेजारी मसाला कुटण्याचं यंत्र आहे. हे वाक्य कसं लिहायचं यावर सर आणि अपूर्वा एक अख्खी दुपार भांडले. सरांना 'बाह्य यांत्रिक कंपन' हवं होतं. शेवटी दोन्ही लिहिलं.

परीक्षकाचं उत्तर सहा दिवसांत आलं. त्याला खूपच रस वाटलेला दिसत होता. पेपर त्यानं मान्य केला होता. एकच विनंती होती. इतरांच्या उपयोगाला यावं म्हणून त्या यंत्राची माहिती द्यावी. मुसळाचं वजन, जमिनीपासून उंची, आणि मिनिटाला किती घाव.

अपूर्वा टेप, वजनकाटा आणि स्टॉपवॉच घेऊन धाकूंकडे गेली. आपल्या डंखाविषयी परदेशात विचारलंय हे ऐकून धाकूंनी शर्ट बदलला. वजन झालं, उंची झाली.

"घाव मिनटाक नव्वद," धाकू म्हणाले. "लिव. पावतीवर पण छापला हा."

पावतीवर होतंच तसं. अपूर्वानं स्टॉपवॉच सुरू केलं आणि मोजलं. बहात्तर. पुन्हा मोजलं. एकाहत्तर. तिसऱ्यांदा बहात्तर.

"बहात्तर आहेत, काका."

"व्होल्टेज कमी आसा."

"काल पण मोजले होते मी, भिंतीपलीकडून. बहात्तरच होते."

धाकूंनी आजूबाजूला पाहिलं. बायका ऐकत होत्या. "नव्वद लिव गे. तिकडे कोण मोजूक येतलो?"

"नाही लिहिता येणार, काका."

"बहात्तर तर बहात्तर," उखळाशी बसलेली एक बाई म्हणाली, "पन मंग पैसे नव्वदचे का घेतो हा?" त्यावर गाळ्यात जो गोंधळ सुरू झाला, त्यातून अपूर्वा टेप गुंडाळत, शिंकत बाहेर पडली. धाकू तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत.

पुढे बोलले. दर मंगळवारी साडेअकरा ते बारा ते मोटरला तेल द्यायला लागले, आणि त्या अर्ध्या तासात कॉलेजातले सगळे आपापले फोटो काढून घ्यायला लागले. डंखावरच्या बायका त्याला फोटोची वेळ म्हणायच्या आणि तेवढ्यात डबे उघडून जेवून घ्यायच्या. अपूर्वानं तिसरं प्रकरण नव्यानं लिहिलं. ते एकोणीस पानांचं झालं. प्रबंध डिसेंबरात सादर झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो डंखाचा, आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी आणि टिपणीस सरांनी मालवणी मसाल्यात दगडफूल किती घालावं यावर चर्चा केली. अपूर्वा फळ्याशी खडू धरून उभी होती. कुणी काही विचारेना, तेव्हा ती खाली बसली.